विठ्ठल ‘कानडा’ म्हणजे कसा? एका जुन्या विशेषणाची उकल

आषाढी जवळ आली की सोलापुरात एक वाद हमखास उगवतो. ज्ञानोबांची पालखी धर्मपुरीपाशी जिल्ह्यात येते, तुकोबांची अकलूजला येते, शेगावच्या गजानन महाराजांची तर थेट शहरातून जाते. रिक्षात, चहाच्या गाड्यावर, घरोघरी अभंग लागतात. आणि मग ‘कानडा हो विठ्ठलु कर्नाटकु’ या ओळीवरून मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ज्ञानेश्वरांनीच सांगून ठेवलंय, विठ्ठल कर्नाटकातला. दुसरा म्हणतो, छे, ‘कानडा’ म्हणजे अगम्य, कळायला अवघड. कर्नाटकाचा इथे काही संबंध नाही. त्याच आठवड्यात सीमाप्रश्नाची बातमी आली असेल तर वाद आणखी तापतो आणि अभंग बाजूला राहतो.

माझं म्हणणं असं आहे की दोन्ही अर्थ खरे आहेत आणि ते एकाच वेळी खरे आहेत. त्यातला एक काढून टाकला की अभंग लंगडा होतो. हे पटवायचं तर आधी त्या शब्दाकडे नीट बघावं लागेल.

## आधी शब्दाचं व्याकरण

‘कर्णाट’, ‘कन्नड’ या नावांतूनच मराठीत ‘कानडा’ आला. सरळ अर्थ : कन्नड मुलखाचा, कन्नड बोलणारा. दरबारी कानडा, नायकी कानडा या रागांच्या नावांतही तोच शब्द आहे.

जुन्या मराठीत हे विशेषण ‘काळा’, ‘गोरा’ यांच्यासारखं नामाप्रमाणे बदलत असे. काळा घोडा, काळी गाय, काळं मांजर. तसंच कानडा देव, कानडी भाषा, कानडं क्षेत्र. आज आपण तसं बोलत नाही. आज ‘कानडी’ हे एकच रूप सगळीकडे चालतं : कानडी माणूस, कानडी बाई, कानडी गाव. ‘कानडा माणूस’ म्हटलं तर सोलापूरकरालासुद्धा खटकेल. म्हणजे पुल्लिंगी ‘कानडा’ रोजच्या बोलण्यातून गेला आणि कवितेत उरला. म्हणूनच तो ऐकताना आपल्याला जुना, भारदस्त आणि थोडा गूढ वाटतो.

हीच गोष्ट ‘मराठा’ या विशेषणाची झाली. ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजा जिंके’ ही ज्ञानेश्वरीतली ओवी सगळ्यांना पाठ असते, पण ‘मराठाचि’ का, ‘मराठीचि’ का नाही, असं मुलं विचारतात तेव्हा आपण गडबडतो. उत्तर साधं आहे. ‘बोलु’ पुल्लिंगी, म्हणून ‘मराठा’ बोलु. जातीचा तिथे काही प्रश्न नाही. ‘मराठा’ आणि ‘कानडा’ ही जोडीची विशेषणं आहेत, एकाच साच्यातली. पुढे तुकोबांच्या एका अभंगात हे जोडपं खरोखरीचं जोडपं होऊन भेटतं.

## ‘कळायला अवघड’ हा अर्थ आला कुठून?

वैतागलेला मराठी माणूस समोरच्याला काय म्हणतो? ‘अरे, मराठीत सांगतोय ना, कळत नाही का?’ समोरचा मराठीच असतो, बोलणंही मराठीतच चाललेलं असतं. तिथे ‘मराठीत’ म्हणजे ‘स्पष्ट, सरळ’. आपली भाषा म्हणजे उजेड, असं आपण न ठरवता ठरवलेलं आहे. मग शेजारची, कानावर पडणारी पण न उलगडणारी भाषा म्हणजे काय? ती झाली ‘कानडी’. मुलखाचं नाव असलेल्या विशेषणाला ‘दुर्बोध’ ही छटा अशी चिकटली. भाषांमध्ये हे नवीन नाही. संस्कृतातला ‘म्लेच्छ’ शब्दसुद्धा मुळात ‘अस्पष्ट बोलणारा’ या अर्थाच्या धातूवरून आलेला आहे.

पण इथे एक बारकावा आहे. जी भाषा कधी कानावरच पडत नाही, तिच्या नावाचं विशेषण होत नाही. मराठीने ‘दुर्बोध’साठी दूरच्या कुठल्या देशाचं नाव उचललं नाही, शेजाऱ्याचं उचललं. रोज भेटणारा, व्यवहारातला, ओळखीच्या चेहऱ्याचा माणूस जेव्हा न कळणारं बोलतो, तेव्हाच ते न कळणं बोचतं.

तुकोबांनी हे बोचणं एका संसारात दाखवलंय :

कानडीनें केला मराठा भ्रतार । एकाचें उत्तर एका न ये ॥

कन्नड बाईने मराठी नवरा केला आणि एकाचं बोलणं दुसऱ्याला कळेना. पुढे तुकोबा थेट कन्नड शब्द वापरतात : ‘तिनें पाचारिलें इल बा म्हणोन । येरु पळे’. ‘इल्लि बा’ म्हणजे कन्नडमध्ये ‘इकडे ये’. ती जवळ बोलावते आहे आणि हा पळतो आहे! सोलापूरच्या बाजारात ‘इल्लि बा’ ऐकलं नाही असा माणूस सापडायचा नाही, त्यामुळे आपल्याला या ओळीला टीप लागत नाही. पण देहूचे तुकोबा हे शब्द अर्थ न सांगता वापरतात, म्हणजे त्यांच्या श्रोत्यांनाही ते ओळखीचे असणार. देवाला तुकोबांचं मागणं एवढंच : माझी अशी गत करू नकोस, ज्यांचं बोलणं मला कळेल अशा सज्जनांची संगत दे.

## आता मूळ अभंग

‘पांडुरंगकांती दिव्य तेज झळकती’ अशी सुरुवात होते. रत्नांचे किरण फाकावेत तसं तेज, वर्णन करता येणार नाही असं लावण्य. आणि लगेच :

कानडा हो विठ्ठलु कर्नाटकु । येणें मज लावियेला वेधु ॥
खोळ बुंथी घेऊनी खुणाचि पालवी । आळविल्या नेदी सादु ॥

बहुतेक जण पहिल्या ओळीवर थांबतात आणि भांडतात. दुसरी ओळ वाचली तर निम्मं भांडण मिटेल. ‘खोळ’ म्हणजे अंगावरून-डोक्यावरून घेतलेलं पांघरूण. पावसात मेंढरांमागे जाणारा धनगर घोंगडीची टोकं जुळवून डोक्यावर घेतो, त्याला आपल्या भागात अजूनही खोळच म्हणतात. ‘बुंथी’ म्हणजेही डोक्यावरून ओढलेलं वस्त्र. तर हा विठ्ठल असा तोंड झाकून उभा आहे आणि ‘खुणाचि पालवी’, नुसत्या हाताच्या खुणांनी बोलावतो आहे. ‘आळविल्या नेदी सादु’, कळवळून हाक मारली तरी ओ देत नाही.

खुणा कोण करतो? ज्याची भाषा आपल्याला येत नाही आणि आपली त्याला येत नाही, तो. मंगळवार बाजारात अक्कलकोटकडून आलेली एखादी आजी पालेभाजीची जुडी पुढे करते, तिला मराठी येत नाही, घेणारीला कन्नड येत नाही. मग बोटं वर होतात, मान हलते, हसू येतं, सौदा होतो. शब्द एकही कामाला आलेला नसतो. ज्ञानेश्वरांची विरहिणी, म्हणजे प्रियकराच्या ओढीने तळमळणारी स्त्री, विठ्ठलासमोर अशीच उभी आहे. आणि अभंगाची पुढची ओळ काय आहे? ‘शब्देंविण संवादु’.

ही ओळ आपण भाषणांत, निमंत्रणपत्रिकांत, कार्यक्रमांच्या नावांत इतकी वापरली आहे की ती कुठून उगवली ते विसरलो. ती ‘कानडा’ या विशेषणातून उगवली आहे. समोरचा कानडा आहे, भाषा जुळत नाही, तो खुणांनी बोलावतो, म्हणून संवाद शब्दांवाचून. एका विशेषणाने सगळा प्रसंग उभा केला. ‘कानडा’चा भाषेशी संबंध तोडला तर खुणा कशासाठी, हे सांगता येत नाही. आणि तो फक्त कन्नड बोलणारा म्हणावा, तर पुढच्या ओळीत कवी जिथे जातो तिथे पोचता येत नाही :

परेहि परतें बोलणें खुंटलें । वैखरी कैसेंनि सांगे ॥

जुन्या विचाराप्रमाणे वाणीचे चार थर : परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी. वैखरी म्हणजे तोंडातून बाहेर पडणारं बोलणं आणि परा म्हणजे शब्द होण्याच्याही आधीचं, अगदी आतलं. इथे परेच्याही पलीकडे बोलणं खुंटलंय. आता कन्नड शिकूनही उपयोग नाही. जी अडचण शेजारच्या भाषेची म्हणून सुरू झाली, ती सगळ्या भाषांची अडचण होऊन बसली. ‘कानडा’ पहिल्या अर्थातून दुसऱ्या अर्थात असा आपल्या डोळ्यांदेखत सरकतो.

त्यानंतर तर जमीनच सरकते. पाया पडायला जावं तर पाऊल दिसत नाही. तो समोर आहे की पाठमोरा, कळत नाही. आणि शेवटी आलिंगन, त्याला तेव्हाचा शब्द ‘क्षेम’ : ‘क्षेम देऊं गेलें तंव मीचि मी एकली’. मिठी मारायला गेले तर तिथे मी एकटीच. भाषा, दृष्टी, स्पर्श, तिन्ही वाटा एकेक करून बंद होतात. मला ही ओळ मराठीतल्या सर्वांत धीट ओळींपैकी एक वाटते. कारण पुढच्या कडव्यात या एकटेपणाचाच अनुभव म्हणून स्वीकार होतो : बघायला गेले तो डोळा बाहेरचा न राहता ‘भीतरीं पालटु झाला’.

## ‘कर्नाटकु’ कशाला जोडलं?

इथे श्लेष आहे. श्लेष म्हणजे एकच शब्द एकाच जागी दोन अर्थांनी कामाला लावणं. कर्नाटकु म्हणजे कर्नाटकाचा. आणि तोच शब्द ‘करनाटकु’ असा ऐकला तर नाटक करणारा, लीला दाखवणारा. तोंड झाकणारा, खुणा करणारा, पाय लपवणारा, मिठीत न सापडणारा, याला नाटकी म्हणणं किती चपखल आहे! अभ्यासक आणि कीर्तनकार हा दुहेरी अर्थ फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. मला त्यात इतकंच जोडायचं आहे की ‘कानडा’ आणि ‘कर्नाटकु’ या दोन्ही शब्दांना प्रत्येकी दोन अर्थ आहेत आणि दोन्ही ठिकाणी एक अर्थ मुलखाचा, दुसरा स्वभावाचा. असं एकदा झालं तर योगायोग म्हणता येईल, लागोपाठ दोनदा झालं की कवीने ते मुद्दाम केलंय.

## ‘म्हणजे विठ्ठल कर्नाटकातूनच आला ना?’

हा प्रश्न इतिहासाचा आहे, तो कवितेच्या ओळीवर सोडवता येत नाही. विशेषण म्हणजे जन्मदाखला नव्हे. पण इतिहासात डोकावलं तर ओळीतला पहिला अर्थ हवेतून आलेला नाही हेही दिसतं.

पंढरपूरच्या मंदिरात होयसळ राजा सोमेश्वर याचा १२३७ सालचा शिलालेख आहे, संस्कृत आणि कन्नड भाषेतला. त्यात गावाचं नाव ‘पंडरगे’ असं येतं, आणि ते कन्नड वळणाचं नाव आहे. ज्ञानेश्वरी १२९०ची, म्हणजे ज्ञानदेवांच्या काळी पंढरीत कन्नड लेख कोरलेला होता आणि कन्नड भक्त येत होते. पुरंदरदास आणि इतर हरिदासांनी, म्हणजे कन्नड भक्तकवींनी, आपल्या पदांवर विठ्ठलाच्या नावाची मुद्रा, म्हणजे रचनेतली सही, उमटवली. पुरंदरदासांची मुद्राच ‘पुरंदर विठ्ठल’. विजयनगरच्या कृष्णदेवरायाने पंढरीची मूर्ती नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, ही कथा वारकऱ्यांच्या तोंडी आहे. कथा कथा म्हणूनच घ्यावी, पण देव दोन्ही मुलखांना हवा होता एवढं ती सांगतेच. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात विठ्ठलाचं मूळ पशुपालक, धनगर-गवळी लोकांच्या देवात शोधलं आणि त्याचे कन्नड धागे सविस्तर मांडले. त्यांचे सगळे निष्कर्ष सगळ्यांना मान्य आहेत असं नाही, पण ग्रंथाच्या नावातला ‘समन्वय’ हा शब्द भांडणाऱ्या दोन्ही तटांनी वाचावा असा आहे.

आणि संतांना याची अडचण कधी वाटली नाही. एकनाथांच्या गाथेत ओळ आहे : ‘तीर्थ कानडें देव कानडें । क्षेत्र कानडें पंढरीये’. पैठणचे एकनाथ हे बिनदिक्कत म्हणतात. इथे ‘तीर्थ’, ‘क्षेत्र’ या नपुंसकलिंगी नामांप्रमाणे ‘कानडें’ असं रूप आलंय, तेही पाहून घ्या.

## ‘अगम्य हा एकच अर्थ घेतला तर काय बिघडलं?’

हे म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. देवाला राज्याच्या हद्दीत कोंडू नये, असं त्यांना वाटतं आणि ते योग्यच आहे. पण अर्थ पुसून हद्द पुसली जात नाही. ‘कानडा’ म्हणजे निव्वळ ‘अगम्य’ असं म्हटलं की शब्दातला माणूस निघून जातो आणि एक कोरडी कल्पना राहते. अगम्याची ओढ लागणं कठीण. ओढ लागते ती खोळ घेतलेल्या, हाताने बोलावणाऱ्या, आपल्या भाषेत न बोलणाऱ्या कुणाची तरी.

या विशेषणाचे दोन्ही अर्थ किती घट्ट विणलेले आहेत हे पुढच्या काळातही दिसतं. ग. दि. माडगूळकरांनी १९७०च्या एका चित्रपटासाठी ‘कानडा राजा पंढरीचा’ लिहिलं, सुधीर फडके आणि वसंतराव देशपांडे यांनी ते गायलं. त्यात ‘कानडा’च्या शेजारीच माडगूळकरांनी ‘वेदांनाही नाही कळला अंतपार याचा’ असं म्हटलंय. म्हणजे गाण्यातच अर्थ सांगून टाकला. आणि ‘राजा पंढरीचा’ म्हणताना गाव, नदीकाठ, माणसं, सगळं जागेवर ठेवलं.

## ‘शेजाऱ्याच्या भाषेला दुर्बोध म्हणणं हा अपमान नाही का?’

असू शकतो. दाक्षिणात्य भाषांना ‘यंडुगुंडू’ म्हणणारी माणसं आपल्यात आहेत आणि ते बोलणं हिणकसच आहे. म्हणून हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो.

पण अभंगातलं क्रियापद बघा. ‘येणें मज लावियेला वेधु’, याने मला ओढ लावली. न कळणं ही इथे तक्रार नाही. कळत नाही म्हणून ती पाठ फिरवत नाही, ती पुढे जाते, पाया पडायला वाकते, मिठी मारायला हात पसरते. तुकोबांच्या अभंगात भाषा न कळल्यावर नवरा पळतो. इथे भाषा न कळल्यावर विरहिणी धावत जाते. एकाच शब्दाचे हे दोन वापर शेजारी ठेवून वाचले तर दोन्ही कवींची ताकद कळते. तुकोबांना नात्यातली दरी दाखवायची होती, ज्ञानदेवांना त्या दरीवरून घेतलेली झेप.

## सोलापूरकराला हे सोपं का जावं

आपल्या शहराचे ग्रामदैवत सिद्धेश्वर. सिद्धेश्वर म्हणजेच बाराव्या शतकातले सिद्धराम. त्यांनी वचनं, म्हणजे छोट्या भक्तिपर रचना, लिहिल्या त्या कन्नडमध्ये, ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ या मुद्रेने. संक्रांतीच्या वेळी नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, तेव्हा मराठी, कन्नड, तेलुगू घरं एकाच गर्दीत उभी असतात. पंढरपूरपासून जवळच असलेलं मंगळवेढा कलचुरी राजा बिज्जळाची राजधानी होतं, बसवेश्वरांनी तिथे कारभार पाहिला. आणि चोखामेळा, कान्होपात्रा, दामाजीपंत यांची नावंही त्याच मातीशी जोडलेली आहेत. ज्या जिल्ह्यात कन्नड वचनं आणि मराठी अभंग इतक्या जवळजवळ वाढले, तिथल्या माणसाला ‘कानडा देव’ हे कोडं का वाटावं?

पंडित भीमसेन जोशी हे गदगकडचे, मातृभाषा कन्नड. त्यांनी मराठी अभंग असे गायले की आपल्या कितीतरी घरांत आषाढीची सकाळ त्यांच्या आवाजाने होते. आणि तेच पुरंदरदासांची कन्नड पदंही तितक्याच प्रेमाने गायचे. अभंग ऐकताना गाणाऱ्याची मातृभाषा कोणती, हे कुणी विचारत नाही.

## तर मग शब्द आज कसा वापरायचा?

भाषेबद्दल आणि माणसांबद्दल बोलताना ‘कन्नड’ म्हणावं हे बरं. तिकडच्या लोकांनाही तेच आवडतं. ‘कानडी’ मराठीत रुळलेला शब्द आहे, त्यात वाईट काही नाही, फक्त स्वर हेटाळणीचा नको. ‘कानडा’ हे रूप मात्र विठ्ठलाकडेच राहिलंय आणि राहू द्यावं.

दहावी-बारावीची मुलं विचारतात की परीक्षेत कोणता अर्थ लिहायचा. दोन्ही लिहा, आणि क्रमाने लिहा : आधी ‘कन्नड भाषक, कर्नाटकाचा’, मग त्यावरून आलेला ‘सहज न उमगणारा’. खाली ‘खुणाचि पालवी’ आणि ‘शब्देंविण संवादु’ या दोन ओळी पुराव्याला द्या. तपासणाऱ्याने एकच अर्थ बरोबर धरला असेल, तर या ओळी दाखवून त्यांच्याशी नम्रपणे बोलायला हरकत नाही.